बोट लागलं होतं

त्या दिवशी शेवटच्या चढाईत आमच्या उजव्या कोपऱ्यातल्या मुलीने हात वर केला. पंचांनी गुण समोरच्या संघाला दिला. सामना संपला. भारत हरला. संघाचे प्रशिक्षक माझे पती होते.

कबड्डी न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. चढाई करणारी मुलगी एका दमात समोरच्या अंगणात शिरते, कुणाला तरी स्पर्श करते आणि मध्यरेषेवर परत येते. जिला स्पर्श झाला ती बाद, आणि गुण चढाईवालीच्या संघाला. स्पर्श झाला की नाही हे पंच ठरवतात. त्या संध्याकाळी गुण सारखे होते, आणि बरोबरी झाली असती तरी मालिका आमचीच होती. पाहुण्या संघाची मुलगी आत आली. आमच्या कोपऱ्यातल्या मुलीने तिच्या घोट्यावर झेप घेतली. घोटा हुकला आणि ती मुलगी परत गेली. चढाई रिकामी गेली असं सगळ्यांनाच वाटलं, चढाई करणारीलासुद्धा. पंचांचे हात खालीच होते. लोक उठून टाळ्या वाजवायला लागले होते. तेवढ्यात आमच्या मुलीने हात वर केला आणि ती मान खाली घालून अंगणाबाहेर चालू लागली.

मी प्रेक्षकांत होते. मांडीवर पर्स, पर्समध्ये पुस्तक, कुठेही जाते तसं.

कबड्डी मंडळाच्या जीपने आम्हाला दहिसर नाक्यापर्यंत सोडलं. तिथून मीरा रोडला जायला रिक्षा केली. सिग्नल सुटल्यावर ते म्हणाले, "लागलं होतं. मी पाहिलं. त्या पोरीच्या पायाचा अंगठा हिच्या बोटाला लागला."

"मग बरोबरच केलं तिने."

"बरोबरच केलं." थोड्या वेळाने, इंजिनच्या आवाजावर आवाज चढवून, पुन्हा म्हणाले, "बोट लागलं होतं."

ते गेल्यावर शोकसभा झाली. त्यांच्यासारखा प्रशिक्षक पुन्हा होणे नाही, असं एक वक्ता म्हणाला. माझ्या मागच्या रांगेत कुणीतरी शेजाऱ्याला सांगत होतं, "माणूस चांगला होता रे, पण हातातली मालिका घालवली." दोन्ही बोलणी कानावर पडली आणि मी पायांकडे पाहत बसून राहिले. कुठलंही एक धरून मला घरी जाता येईना. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

ते परळच्या चाळीतले. खेळायचे तेव्हा डावा कोपरा सांभाळायचे. खेळावरच बँकेत नोकरी लागली. राज्याच्या संघात बऱ्याचदा होते, देशाच्या संघात एकदाच, तेही राखीव. पूर्ण स्पर्धाभर ते बाकावर बसून होते. त्या संघाचं ब्लेझर आमच्या कपाटात होतं. लग्नकार्यालासुद्धा त्यांनी कधी घातलं नाही. "बसून मिळालंय," म्हणायचे.

ऐंशीचं दशक संपत आलं तेव्हा आम्ही चाळीतली खोली विकून मीरा रोडच्या शांती नगरला राहायला आलो. इमारतींच्या पलीकडे मिठागरं होती, पाणी टँकरने यायचं. पहिल्याच महिन्यात त्यांनी नवघर गावाच्या मागे एक मोकळी जागा हेरली. जागा गावातल्या एका घराची होती. "पोरं खेळू द्या," एवढ्या बोलीवर मिळाली. तिथे लाल माती आणून टाकली, चाळून दगड काढले, आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवायचं आणि सकाळी रूळ फिरवायचा. पुढे ते देशाच्या मुलींच्या संघाचे प्रशिक्षक झाले तरी शिबिर नसेल तेव्हा त्याच अंगणात असायचे.

हात वर करण्याचा नियम त्या अंगणातला. नियम कसला, परळची जुनी रीत. स्पर्श झाला की पंचाकडे बघायचं नाही. हात वर करून आपणच निघायचं. त्यांच्या लहानपणी तिथली सगळी मंडळं तशीच खेळायची म्हणे. मी शनिवारी उकडलेले चणे घेऊन जायची, तेव्हा कानावर पडायचं.

"सर, आणि समोरच्यांनी हात वर नाही केला तर?"

"तर ते हरले."

"असं कसं सर? गुण तर त्यांचाच झाला ना!"

"गणितात नापास कोण झालं होतं? तू ना? मग मला गुण शिकवू नकोस."

मुली हसायच्या. त्यांच्या तोंडावरची रेषा मात्र हलायची नाही. ते कुणाचं कौतुक करत नसत, हा त्यांचा पहिला दोष. एखादीने जिवावर उदार होऊन पकड केली तरी "पाय बघ तुझा कुठे होता" एवढंच. मुली कौतुकाच्या एका शब्दासाठी झुरायच्या. घरी मात्र जेवताना मला सांगायचे, आज अमकीने अशी पकड केली की मी बघतच राहिलो. मी म्हणायची, मला काय सांगता, तिला सांगा. ते भात कालवत राहायचे.

दुसरा दोष, ते स्वतः कोपऱ्यात खेळलेले, त्यामुळे बचावापलीकडे त्यांचं लक्ष कमी. चढाईवाल्या मुली स्वतःच्या स्वतः शिकत. त्यांच्या संघाला हरवणं कठीण असायचं, पण त्यांचा संघ मोठ्या फरकाने जिंकलाय असंही क्वचितच व्हायचं. गुण नेहमी अटीतटीचे. त्या संध्याकाळीसुद्धा गुण सारखे होते त्याला हेही कारण होतं. इतकी वर्षं मी सगळा विचार त्या एका बोटाचा करत आले. गुण मुळात सारखे का होते, हे कुणी विचारलं नाही.

त्यांचं बळ डोळ्यांत होतं. बुटक्या स्टुलावर बसून ते फक्त पाय बघायचे. टाच आधी टेकली की गुडघा दुखतोय, हे मुलीच्या आधी त्यांना कळायचं. एकीला खेळता खेळता थांबवून म्हणाले, घरी जा, तुला ताप आहे. आणि होता. त्यांच्या हाताखाली कुठल्या मुलीचा गुडघा कायमचा गेला नाही. दुखणारीला ते कधी मैदानात उतरवत नसत, मग फायनल का असेना.

आणि ते मुलींच्या घरी जायचे. हाफपँट घालून खेळायचं म्हटलं की आया बिथरायच्या. त्यांना स्वतःला बायकांशी बोलायचा संकोच, म्हणून मला बरोबर न्यायचे. जुन्या भाईंदरला खाडीकडच्या वस्तीत आम्ही पहिल्यांदा गेलो ते त्या उजव्या कोपऱ्यासाठी. मुलगी तेव्हा शाळेत होती. आई मासळी विकायची. मी हाफपँटचं घाबरत घाबरत काढलं, तर ती म्हणाली, "पँट घाला नायतर लुगडं घाला बाई, पोर उजेडात घरी आली पायजे."

"चढाई करशील का?" त्यांनी मुलीला विचारलं.

"न्हाय. मी धरते," ती म्हणाली.

रस्त्यावर आल्यावर ते एकटेच हसले. मला वाटतं त्यांना ती तेव्हाच आवडली.

तिसरा दोष सांगायचा तर आमच्या सोसायटीची मीटिंग आठवते. वरच्या मजल्यांना पाणी चढत नव्हतं. बोलायचं यांनी, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. देशाच्या संघाचे प्रशिक्षक, यांचं ऐकतील. सेक्रेटरी टेबलामागे बसला आणि म्हणाला, "बोला." हे उभे राहिले. "थोडं बघितलं तर बरं होईल," एवढं म्हणून खाली बसले. जिन्यात शेजारचे गुजराती काका म्हणाले, "क्या भाईसाब, ग्राउंड पे शेर और मीटिंग में बिल्ली?" सगळे हसले, हेही हसले. टेबलामागे कुणी बसलं की त्यांचं असंच व्हायचं. मी तेव्हा ते मनावर घेतलं नाही. पाण्याचाच तर प्रश्न होता.

सामना हरल्याच्या पुढच्या रविवारी मंडळाचे दोन पदाधिकारी घरी आले. त्यातले मोठे साहेब स्वतः जुने खेळाडू. मी पोहे केले.

"वहिनी, पोहे झकास. लिंबू असेल तर बघा," साहेब म्हणाले, आणि मग यांच्याकडे वळले. "सर, आम्ही तुमच्याच बाजूचे. पण वरून विचारतायत, पोरींना शिकवलंय काय? उद्या जो तो हात वर करत सुटला तर पंच ठेवायचे कशाला?"

"स्पर्श झाला की हात वर करायचा, साहेब. तुम्हीपण तसेच खेळलात."

"मी गल्लीत खेळलो. हा देश आहे."

दुसरे पदाधिकारी बशी खाली ठेवून म्हणाले, "एवढंच म्हणा सर. स्पर्श झालाच नव्हता. पोरगी दडपणाखाली होती, तिला भास झाला. म्हणजे प्रश्न तुमच्या शिकवण्याचा राहत नाही, पोरीचा राहतो. लहान आहे, वर्षभर बाहेर बसेल. तुम्ही पुढचं शिबिर घ्या. परदेश दौरा आहे, माहितीये ना?"

"आणि नाही म्हटलं तर?"

"तुमच्या मागे रांग आहे, सर."

मी स्वयंपाकघराच्या दारात लिंबू घेऊन उभी होते. त्यांची पाठ मला दिसत होती. वीज गेली, पंखा हळूहळू थांबला. बाकावर बसून काढलेली ती स्पर्धा त्यांच्या पाठीत मला दिसली, असं मी म्हटलं तर ते आज सुचलेलं म्हणावं लागेल. तेव्हा फक्त शर्ट घामाने चिकटलेला दिसला.

"भास झाला असेल," ते म्हणाले.

"असेल नको, सर. झाला."

"झाला."

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "अहो, रिक्षात काय म्हणाला होतात?"

"अगं, वर्षाचाच प्रश्न आहे. शिबिर हातात आलं की पहिली निवड तिची. मी नसलो तर तिला घेणार कोण?"

"तिला हे सांगणार आहात?"

"सांगीन ना."

त्यांना ते खरंच वाटत होतं. ती वेळ येण्याआधी वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. खुद्द प्रशिक्षकांनीच खुलासा केला आहे, खेळाडूला भास झाला.

त्या शनिवारी मी चणे घेऊन अंगणावर गेले तर ते वाकून मध्यरेषेवर फक्की मारत होते. पांढऱ्या भुकटीचा डबा एका हातात, दुसऱ्या हाताने रेघ. मुली बाजूला केस बांधत होत्या. ती आली, चपला काढल्या, पण माती कपाळाला लावली नाही. सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सर, मला भास झाला?"

ते वाकलेलेच.

"तुमी समोर बसले होते. तुमी बघितलं न्हाय?"

"ए, गप ना," कुणीतरी तिचा दंड ओढला.

"आधी अंग गरम कर," ते म्हणाले. "दोन चकरा मार."

तिने चकरा मारल्या नाहीत. मग चपला हातात घेऊन, अनवाणीच, रस्त्याकडे गेली. त्यांनी रेघ शेवटपर्यंत ओढली. सरळच ओढली.

त्यानंतर ती आली नाही. इमारतीत मुलांना नवा खेळ मिळाला होता. हे जिन्यात दिसले की एकजण ओरडायचा, "हँड्स अप!" आणि बाकीचे हात वर करून पळायचे. त्यांची झोप गेली. जेवण अर्ध्यावर सोडायचे. एका दुपारी बँकेतून लवकर आले आणि म्हणाले, "चल, तिच्याकडे जाऊन येऊ."

तिच्या घरासमोर बांबूंवर बोंबील वाळत होते. आई खाली बसून मासळीची पाटी धूत होती.

"ती आहे का?"

"हाय. भायेर येनार न्हाय."

"मला तिच्याशी बोलायचंय."

"आता काय बोलनार? पेपरात बोलले ना तुमी." तिने पाटी उपडी केली. "मी पोरीला सांगायची, बाजारात थोडं खोटं लागतं गो. तर माझ्यावर डाफरायची. सर असं म्हनतात, सर तसं म्हनतात. आता मला इचारते, आये, सरांना कुनी इचारलं तर सर हात वर का न्हाय करत?"

हे दाराकडे बघत होते. दार लोटलेलं होतं. मग एकदम मोठ्याने, आत ऐकू जावं असं म्हणाले, "लागलं होतं. मी पाहिलं."

आईने पाटी भिंतीला टेकवून ठेवली.

"मला कशाला सांगता?" आई म्हणाली. "मी कुठं पंच हाय? जिथं बोलले तिथं सांगा."

ते लगेच म्हणाले, "सांगतो." त्या क्षणी मला फार बरं वाटलं होतं. परतताना ते भराभर चालत होते, मला पळावं लागत होतं.

दोन दिवसांनी रजा टाकून, इस्त्रीचे कपडे घालून ते मंडळाच्या कचेरीत गेले. मला बरोबर चल म्हणाले. मी बाहेरच्या बाकावर बसले, पुस्तक उघडून, एक ओळही न वाचता. आत टेबल होतं, टेबलामागे साहेब. दार अर्धं उघडं होतं. चहा आत गेला. साहेबांचा हसण्याचा आवाज आला. मी यांच्या आवाजाची वाट बघत होते. तो आलाच नाही, निदान माझ्यापर्यंत नाही. बाहेर आले तेव्हा कपाळ ओलं होतं.

"सांगितलंत?"

"शिबिराच्या तारखा काढतायत. त्यात हे कसं..." ते रुमाल शोधत राहिले. "एकदा शिबिर सुरू होऊ दे."

शिबिर सुरू झालं. प्रशिक्षक दुसरेच होते. यांना कुणी कळवलंही नाही. खालच्या फोनवाल्याच्या दुकानात एका खेळाडूचा निरोप आला, "सर, तुम्ही का नाही आलात?" तेव्हा समजलं. त्यांनी फोन ठेवला आणि दुकानदाराला "थँक यू" म्हणाले. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी पाठीवर हात ठेवला तर म्हणाले, "दोन्ही गेलं गं." मग तेच पुन्हा पुन्हा. मी इतकी पुस्तकं वाचलेली, पण त्या शब्दांपुढे ठेवायला माझ्याकडे काही नव्हतं.

तरी संध्याकाळी अंगणावर जायचे. पाणी मारायचे, रूळ फिरवायचे. मुली कमी होत गेल्या. एकदा सराव चालू असताना एका नव्या लहान मुलीने हात वर केला. तिला कुणी शिकवलं होतं कोण जाणे, मोठ्या मुलींकडून आलं असावं. ती हात वर करून त्यांच्याकडे बघत राहिली, आता सर काय म्हणतात म्हणून. ते दुसरीकडे बघून म्हणाले, "खेळ चालू ठेव. पंच बघतील." मी चणे तसेच परत आणले.

पुढे जागेच्या मालकाने जागा विकली. जवळच्या इंद्रलोक भागात इमारती उठत होत्या तशा तिथेही उठल्या. बिल्डरने चांगल्या मनाने विचारलं, माती न्यायची आहे का सर? ते नको म्हणाले.

नव्वदीचं दशक संपता संपता ते बँकेत, खुर्चीवर बसल्या बसल्या गेले.

भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर ती आली, आईला घेऊन. लग्न झालं होतं. कडेवर मूल होतं. मी त्याला साखर दिली. ती जमिनीवर बसली, खुर्ची नको म्हणाली.

"काकू, मी दोनदा आलते. खालूनच परत गेले."

"वर का नाही आलीस?"

"सर काय बोलतील, काय म्हाईत. आनि काहीच बोलले नसते तर?"

मी तिला रिक्षातलं सांगितलं. पुस्तकातल्यासारखं नाही, जसं झालं तसं. दहिसर नाका, सिग्नल, इंजिनचा आवाज.

"तवाच बोलले? त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी. बोट लागलं होतं, म्हणाले. दोनदा म्हणाले. बरोबर केलं म्हणाले."

ती मुलाच्या तोंडाची साखर पुसत राहिली. मला वाटलं रडेल. रडली नाही.

"बरोबर केलं, असं म्हनाले?"

"हो."

"मला कधी म्हनाले न्हाय," ती म्हणाली. "एकदा पन न्हाय. कशालाच."

आईने तिच्या गुडघ्याला हात लावला, निघू या म्हणून. जाताना तिने त्यांच्या फोटोला नमस्कार केला नाही. मला केला.

प्रशिक्षक म्हणून त्यांना मोजायचं तर मला एवढंच जमतं. त्यांनी एका मुलीला असं काही शिकवलं की हजारो लोक उभे असताना तिला ते करता आलं. तेच त्यांना स्वतःला एका टेबलासमोर करता आलं नाही. यातलं एक घेऊन दुसरं वजा करून मी पुष्कळ पाहिलं. उत्तर येत नाही. शोकसभेतला वक्ता आणि मागच्या रांगेतला माणूस, दोघांनाही ते आलं होतं. मला त्यांचा हेवा वाटतो.

ती आता खेळत नाही. अंगणावर सात मजली इमारत आहे. कपाटात ब्लेझर आहे. मोरीजवळ फक्कीचा डबा आहे, खाडीच्या दमट हवेने आतली फक्की दगड झाली आहे. बोट लागलेलं पाहणारा माणूस गेला. त्याच्या तोंडून ऐकलेली मी आहे.